नाकेबंदीत रूळ कुठून आणायचे?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांजवळ सुमारे नऊ हजार मैल रेल्वे होती. इंजिने लाकडावर चालत आणि लाकूड मुबलक होते. उत्तरेच्या आरमाराने अडवली ती फक्त बंदरे. मग आतल्या गाड्या का रखडल्या? आणि अशी नाकेबंदी झाली तर रेल्वे चालू ठेवायला नेमके काय काय लागते?

मी पर्मनंट वेचा माणूस. रूळ, स्लीपर, खडी, पूल यांच्या देखभालीत नोकरीची चौतीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर या युद्धातल्या रेल्वेवर मिळेल ते वाचत आलो, कारण आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तिथे उघड्यावर मांडलेला दिसतो. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. प्रवाशाला रेल्वे म्हणजे एकदा बांधून ठेवलेली वस्तू वाटते, धरणासारखी. आमच्या लेखी ती चुलीसारखी असते, रोज काहीतरी घालावे लागते. गाडी गेली की रूळ झिजला, चाक झिजले, बेअरिंग झिजले, बॉयलरच्या नळ्यांत थर बसला, स्लीपर थोडा कुजला. शांततेच्या काळात ही झीज कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण मागच्या दाराने नवे सामान येत असते. नाकेबंदी ते मागचे दार बंद करते. पहिल्या दिवशी काहीच बदलत नाही, पहिल्या वर्षीही फारसे नाही. तिसऱ्या वर्षी सगळे एकदम अंगावर येते.

आता हिशेब करू. त्या काळचा सर्वसाधारण रूळ यार्डाला पन्नास ते साठ पौंडांचा. छप्पन्न पौंड धरला तर एका मैलात दोन्ही बाजू मिळून 3,520 यार्ड रूळ लागतो, म्हणजे बरोबर 88 टन. हा 88 चा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल. हे रूळ घडीव लोखंडाचे होते. पोलादी रूळ इंग्लंडमध्ये डर्बी स्टेशनात 1857 साली पहिल्यांदा घातला गेला, दक्षिणेत तो तेव्हा पोहोचायचा होता. घडीव लोखंडाचा रूळ पट्ट्यांची मोळी तापवून लाटलेला असे आणि त्याची खोड अशी की तो नुसता झिजत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. वरचा थर चाकाखाली चेपून बाजूला पसरतो, मग साल निघावी तसा उचलला जातो. रुळाची टोके आधी जातात, कारण सांध्यावर प्रत्येक चाकाचा ठोका बसतो.

नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या साइडिंगमध्ये मी असा रूळ हाताने पाहिला आहे. आमच्या मुकादमाने हातोडीच्या दांड्याने रुळाच्या डोक्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "साहेब, आवाज ऐका, आतून सुटलाय." चांगला रूळ घंटेसारखा वाजतो, त्याचा आवाज फुटक्या मडक्यासारखा आला. नखाने खरवडले तर बोटभर लांबीची चपटी कपची हातात आली, कडा ब्लेडसारखी. तिथे आठवड्यातून दोन वेळा शंटिंग होई. दक्षिणेत अशा रुळांवरून सैन्य, तोफा आणि मका दिवसरात्र जात होता.

1863 साली दक्षिणेतल्या रेल्वे अधिकाऱ्यांनी एकत्र बसून अंदाज काढला होता: लाइन जागेवर ठेवायला वर्षाला 49,500 टन रूळ हवेत. दक्षिणेची राजधानी रिचमंड, तिथला ट्रेडेगर कारखाना आणि अटलांटाची रोलिंग मिल या दोघांनी सगळे काम सोडून फक्त रूळ लाटले असते तरी 20,000 टनही निघाले नसते. आपल्या 88 ने भागून पाहा. 49,500 टन म्हणजे साडेपाचशे मैलांहून थोडे जास्त, एकूण जाळ्याच्या सहा टक्के. चैनीची मागणी नव्हती ती. सोळा-सतरा वर्षांत एकदा रूळ बदलायचा एवढाच त्याचा अर्थ, आणि घडीव लोखंडावर युद्धाची वाहतूक चालू असताना तो हिशेब मला कंजूषपणाचाच वाटतो.

प्रत्यक्षात या कारखान्यांतून रूळ जवळजवळ निघालेच नाहीत. ट्रेडेगरला तोफा ओतायच्या होत्या. दोन्हीकडे चिलखती जहाजांचे पत्रे लाटायचे होते. 'आर्कान्सा' नावाच्या चिलखती जहाजाला तर सरळ रेल्वेचे रूळच अंगावर बसवले होते. आरमाराचा अधिकारी येई, रूळ मागे; सैन्याचा येई, गाड्या मागे. एकाच लोखंडावर दोघांचा हक्क आणि दोघेही मंत्र्याचे पत्र घेऊन आलेले.

मग बाहेरून का आणले नाहीत, हा पुढचा प्रश्न. लिंकनने 19 एप्रिल 1861 ला नाकेबंदी जाहीर केली तेव्हा उत्तरेचे आरमार एवढा मोठा किनारा अडवण्याइतके नव्हतेच. पुढची तीन-साडेतीन वर्षे बहामा आणि बर्म्युडाहून हलकी, वेगवान आगबोटी रात्रीच्या अंधारात चार्ल्सटन आणि विल्मिंग्टनला शिरत होत्या. त्यांनी बंदुका आणल्या, दारूगोळा आणला, बूट, औषधे, कापड, ब्रँडी आणली. रूळ आणले नाहीत, आणि यामागचे गणित समजले तर नाकेबंदी काय चीज आहे ते समजते. अशी बोट पाच-सहाशे टन माल घेई. पाचशे टन रूळ म्हणजे पावणेसहा मैल लाइन. तेवढ्यासाठी बोट, खलाशी आणि जीव पणाला लावायचा, तर त्याच जागेत रेशीम आणि कुनैन आणून मालक एका फेरीत बोटीची किंमत वसूल करी. सरकारने निम्मी जागा आपल्यासाठी राखून घ्यायचा नियम केला तो 1864 साली. नाकेबंदी गळकी होती असे बरेच लोक लिहितात, ते खरेही आहे. पण त्या भोकांतून किमती आणि हलक्या वस्तू येतात. जड, स्वस्त आणि ढिगाने लागणारा माल बाहेरच राहतो, आणि रेल्वेला नेमका तोच लागतो.

मुंबईची आठवण इथे येणे साहजिक आहे. याच नाकेबंदीमुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस अडला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच चार वर्षांत आपली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे घाटावर चढत होती: बोरघाट 1863 ला पूर्ण झाला, कसाऱ्याचा थळघाट 1 जानेवारी 1865 ला उघडला. त्यासाठी लागणारे रूळ, पुलांचे गर्डर, इंजिने विलायतेहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबईच्या धक्क्यावर उतरत. त्याहून कितीतरी जवळ असलेल्या चार्ल्सटनला इंग्लंडचा एक रूळ उतरू शकत नव्हता. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेल्याची बातमी आली तेव्हा मुंबईत कापसाचे भाव आणि समुद्र भरून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर कोसळले, हे बहुतेकांनी वाचलेले असते. दोन्ही टोके एकाच दोरीला बांधलेली होती, एवढेच सांगायचे आहे.

आता मूळ मुद्दा. नवा रूळ येत नसेल तर रेल्वेवाला काय करतो? जे आम्ही तंगीच्या काळात करत आलो तेच. आधी रूळ उलटवतो: आतली कड चाकाच्या उंच कडेने (फ्लँजने) खाल्ली असेल तर डावा रूळ उजवीकडे, म्हणजे न झिजलेली कड आत येते. मग वळणावरचे रूळ सरळ भागात आणतो. टोके ठेचली असतील तर फूट-दीड फूट कापून नवी भोके पाडतो. हे सगळे झाले की साइडिंगवर नजर जाते. इथे सावध व्हायला हवे. एकेरी लाइनवर समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या लूपमध्येच, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या जोडलाइनवर. एका स्टेशनातला लूप उचलला की मेन लाइनला पाव-अर्धा मैल रूळ मिळतो, पण त्या जागी गाड्यांची भेट होऊ शकत नाही. दोन भेटींमधले अंतर दुप्पट होते आणि लाइनवरून दिवसाला जाणाऱ्या गाड्या निम्म्यावर येतात. कागदावर रूळ वाचलेले दिसतात, वाहतूक मात्र गेलेली असते. ज्याने स्वतः गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल ऑफिसात रात्र काढली नाही त्याला हा तोटा दिसत नाही.

आणि शेवटचा उपाय: एक अख्खी लाइन उखडून दुसरी जगवणे. आपल्याकडेही हे झाले आहे. पहिल्या महायुद्धात इथले रूळ उखडून मेसोपोटेमियाला गेले. दुसऱ्या महायुद्धात कांगडा खोऱ्यातली नगरोटा ते जोगिंदरनगर लाइन 1942 साली काढली, ती परत बसायला 1954 उजाडले. गावाची रेल्वे गेली की काय होते हे त्या बारा वर्षांत तिथल्या लोकांनी पाहिले असणार. म्हणून हा निर्णय अभियंत्याचा नसतो. कुणाची लाइन मरेल आणि कुणाची जगेल हे ठरवायला अधिकार लागतो, आणि माझ्या मते दक्षिणेची रेल्वे लोखंडाआधी इथेच हरली.

1863 च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने रूळ गोळा करण्यासाठी एक समिती नेमली. तिने पाहायचे होते की कमी गरजेच्या लाइन कोणत्या, आणि त्यांचे रूळ गरजेच्या ठिकाणी न्यायचे. आता फ्लोरिडाचे उदाहरण घ्या, कारण त्यात सगळे आले. फर्नांडिना ते सीडर की अशी 155 मैलांची फ्लोरिडा रेलरोड युद्धाच्या तोंडावरच, 1861 च्या मार्चमध्ये पूर्ण झाली होती. तिचा कर्ताधर्ता डेव्हिड युली, अमेरिकेच्या सिनेटचा माजी सदस्य. 1862 च्या मार्चपर्यंत तिचे एक टोक शत्रूच्या ताब्यात गेले होते आणि दुसऱ्यावर हल्ला होऊन गेला होता. दोन्ही बंदरे गेली म्हटल्यावर त्या लाइनचा प्राणच गेला.

दुसरीकडे फ्लोरिडात गुरे भरपूर होती. जुलै 1863 मध्ये व्हिक्सबर्ग पडून मिसिसिपी नदीपलीकडचे मांस बंद झाल्यावर सैन्याला ती गुरे हवीच होती. पण फ्लोरिडाचे रूळ जॉर्जियाच्या रुळांना कुठेच जोडलेले नव्हते. मध्ये चाळीस-पंचेचाळीस मैलांची फट, लाइव्ह ओक गावापासून जॉर्जियाची हद्द ओलांडून लॉटनपर्यंत. त्या फटीला लागतील ते, म्हणजे आपल्या हिशेबाने चारेक हजार टन रूळ युलीच्या बंद पडत चाललेल्या लाइनवर पडून होते. कुठल्याही सेक्शन इंजिनिअरला विचारा, तो दोन मिनिटांत सांगेल काय करायचे ते.

युलीने नकार दिला. कंपनीची मालमत्ता आहे, भागधारक आहेत, कर्ज आहे. प्रकरण कोर्टात गेले, मनाईहुकूम मिळाला. अखेर सैन्याने तो बाजूला सारून रूळ उखडले. जोडलाइन पूर्ण झाली ती 1865 च्या मार्चमध्ये. लीच्या सैन्याला तेव्हा जेमतेम महिना उरला होता. युलीला मी खलनायक ठरवत नाही. ज्या राज्यव्यवस्थेने मालमत्तेचा हक्क आणि राज्याचा स्वाधिकार यांच्या नावाने युद्ध सुरू केले, तिला त्याच हक्कावर हात टाकणे जमेना, ही अडचण खरी होती. अर्थात त्या "मालमत्तेत" माणसेही मोजली जात होती, त्याबद्दल पुढे.

रेल्वेला एक हात मिळावा म्हणून प्रयत्न झाला नाही असे नाही. डिसेंबर 1862 मध्ये विल्यम वॅडली या माणसाला सगळ्या रेल्वेंवर देखरेखीसाठी नेमले. हा मूळचा न्यू हॅम्पशायरचा लोहार, दक्षिणेत येऊन रेल्वेत वर चढलेला, कामाचा माहीतगार. त्याने कंपन्यांच्या बैठका घेतल्या, एकत्र वेळापत्रक मांडले, डबे एका लाइनवरून दुसरीवर मोकळेपणी जावेत म्हणून धडपड केली. पण त्याच्या हातात हुकूम नव्हता, विनंती होती. 1863 च्या मे महिन्यात सरकारला थोडे अधिकार देणारा कायदा झाला आणि जवळपास त्याच वेळी दक्षिणेच्या सिनेटने वॅडलीची नेमणूक फेटाळली. त्याच्या जागी फ्रेडरिक सिम्स आला, तोही चांगलाच माणूस. सगळी रेल्वे सरकारच्या हुकमाखाली आणणारा कायदा झाला 28 फेब्रुवारी 1865 ला. तोपर्यंत हुकूम द्यायला फारशी रेल्वे उरली नव्हती.

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, प्रश्नही याच जातीचा. दक्षिणेत बहुतेक लाइन पाच फुटी होत्या, पण नॉर्थ कॅरोलिनात आणि व्हर्जिनियाच्या काही भागांत चार फूट साडेआठ इंची. जॉर्जियाचा मका लीच्या सैन्याकडे निघाला की शार्लटला पोहोचून थांबे. पाच फुटी डब्यातून पोती उतरायची, चार फूट साडेआठ इंचीवाल्यात चढायची, पुढे रिचमंड-डॅनव्हिल लाइन गाठताना परत पाच फुटीत. ज्यांनी मनमाडला मीटर गेज आणि ब्रॉड गेजच्या मधला फलाट पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मी तिथे ऐन हंगामात उभा राहिलेलो आहे. एका बाजूला मराठवाड्यातून आलेला रेक (मालगाडीच्या डब्यांची रांग), दुसऱ्या बाजूला मोकळे ब्रॉड गेजचे डबे, मध्ये फळ्या टाकलेल्या आणि हमालांची रांग पाठीवर पोते घेऊन पळते आहे. एक पोते फाटते, धान्य रुळांत सांडते, रांग दोन मिनिटे थांबते. डबे कमी पडले की आलेला रेक तसाच उभा, आणि त्याच्यामागे पुढचा. हे शांततेत, पगारी माणसांसह, छपराखाली. शार्लटला धान्य उघड्यावर पडून भिजत होते आणि तीनशे मैलांवर सैनिकांचा शिधा निम्म्यावर आणला जात होता.

शहरांमधल्या फटी ही तर आणखी जुनी रड. रिचमंडजवळच्या पीटर्सबर्गला उत्तरेकडून येणारी आणि दक्षिणेकडे जाणारी अशा दोन लाइन एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. गाडीवान, हमाल, खाणावळवाले यांचा पोटापाण्याचा धंदा त्या फटीवर चाले, म्हणून शहराने जोड होऊ दिला नव्हता. 1861 च्या उन्हाळ्यात सैन्याच्या रेट्याने तो कसाबसा घातला. विल्मिंग्टनला केप फिअर नदीवर पूल नव्हता, माल होडीने पलीकडे जाई.

या सगळ्याची बेरीज एका प्रवासात दिसते. सप्टेंबर 1863 मध्ये दक्षिणेचा सेनानी लाँगस्ट्रीट याच्या तुकड्या व्हर्जिनियाहून चॅटनूगाच्या बाजूला हलवायच्या होत्या. सरळ वाट साडेपाचशे मैलांची, नॉक्सव्हिलवरून. ती त्याच महिन्याच्या सुरुवातीला उत्तरेच्या हाती पडली. मग कॅरोलिनातून, ऑगस्टा आणि अटलांटावरून वळसा, आठशे ते साडेनऊशे मैल, डझनाहून अधिक कंपन्यांच्या रुळांवरून. 9 सप्टेंबरला पहिल्या गाड्या सुटल्या. मालडब्यांच्या भिंती सैनिकांनी हवेसाठी फोडल्या, टपांवर माणसे बसली. 19 आणि 20 तारखेला चिकमॉगाची लढाई झाली तेव्हा पायदळाच्या पाचच ब्रिगेड तिथे होत्या. तोफखाना लढाई संपून चारेक दिवसांनी पोहोचला. त्याही स्थितीत त्या रेल्वेने हे करून दाखवले, याबद्दल मला आदर आहे. फाटक्या रुळांवर, उष्ण झालेल्या बेअरिंगांसह, तेलाशिवाय.

तेलाचे सांगायलाच हवे, कारण ते कुणी विचारत नाही. डब्याच्या आसाचे टोक एका पेटीत फिरते. पेटीत कापसाचा बोळा तेलात भिजवून कोंबलेला असतो, तो आसाला तेल लावत राहतो. बोळा सुकला की आस तापतो, आधी वास येतो, मग धूर, मग जाळ, आणि वेळीच गाडी थांबवली नाही तर आस मोडून डबा रुळाखाली. दक्षिणेत कापूस गोदामांतून ओसंडत होता, कारण तो विकायला बाहेर जात नव्हता. तेल मात्र नव्हते. देवमाशाचे तेल न्यू इंग्लंडच्या जहाजांचे, ते पहिल्याच दिवशी बंद झाले. चरबी वापरली तर सैन्याला खायला चरबी कमी. शेंगदाण्याचे तेल वापरून पाहिले गेले. आपण फोडणीला घालतो ते. काम चालते, पण दाबाखाली आणि उष्णतेत ते लवकर चिकट होऊन जाते, पुन्हा पुन्हा भरावे लागते. रूळ नसला तर फट दिसते. तेल नसले तर फक्त गाडी हळू चालवली जाते आणि लोक म्हणतात, ड्रायव्हर आळशी आहे.

हळू चालवणे हाच अखेर सगळ्यावरचा उपाय ठरतो. आम्ही कॉशन ऑर्डर देतो, "या मैलापासून त्या मैलापर्यंत ताशी वीस". तिथे हळूहळू अख्खी लाइनच कॉशन ऑर्डरखाली गेली. ताशी दहा मैल, काही ठिकाणी त्याहून कमी. वेग निम्मा केला की अपघात कमी होतात, रूळ जास्त टिकतो, खरे आहे. पण तेवढाच माल न्यायला दुप्पट इंजिने आणि दुप्पट डबे लागतात, आणि नवे इंजिन येणार कुठून? युद्धाच्या पहिल्या वर्षी दक्षिणेने मार्टिन्सबर्गहून बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीची डझनावर इंजिने पळवली. चाके-आस काढून, घोड्यांच्या लांबच लांब जोड्या जुंपून पक्क्या सडकेवरून स्ट्रासबर्गच्या रुळांपर्यंत ओढत नेली. थॉमस शार्प नावाच्या रेल्वेवाल्याने ते तडीस नेले. मोठे काम, वाद नाही. पण अशी शिकार एकदाच साधते.

आणि माणसे. कुशल मेकॅनिक आणि ड्रायव्हर यांतले बरेच उत्तरेचे, ते युद्ध सुरू होताच परतले. उरलेल्यांपैकी काहींना 1862 च्या सक्तीच्या भरतीने नेले. रेल्वेवाल्यांना सूट होती, पण एक बॉयलरवाला शिपाई म्हणून गेला आणि मेला की त्याच्या जागी दुसरा बॉयलरवाला दोन वर्षांत तयार होत नाही. रुळांवरचे खरे श्रम, स्लीपर तोडणे, खडी टाकणे, इंजिनासाठी लाकूड फोडणे, हे गुलामीत डांबलेल्या काळ्या माणसांकडून करून घेतले जात होते. कंपन्या त्यांना मालकांकडून वर्षाच्या भाड्याने घेत, काही कंपन्यांनी माणसे विकतच घेतली होती. चौतीस वर्षे गँगमनच्या जिवावर माझी लाइन सुरक्षित राहिली, म्हणून हे मला ओळ टाकून पुढे जाण्यासारखे वाटत नाही. उन्हात बीटर (खडी ठोकायचे अवजार) मारून खडी पॅक करणाऱ्या माणसाला रुळाचे जितके कळते तितके कुणाला कळत नाही. त्या लोकांचे ज्ञान, त्यांची नावे, कशाचीही फारशी नोंद कुणी ठेवली नाही. उत्तरेचे सैन्य जवळ आले की ते स्वातंत्र्याकडे निघून जात, आणि मालक उरलेल्यांना लाइनपासून दूर, आतल्या भागात हलवत. लाकडाचे ढीग रिकामे होत आणि इंजिने स्टेशनात थंड पडत. ती रेल्वे थांबली याचे मला दुःख नाही. ती ज्यासाठी चालवली जात होती ते टिकू नये असेच मला वाटते. तरीही ती कशी थांबली हे रेल्वेवाल्याने नीट समजून घ्यावे.

विरुद्ध बाजू थोडक्यात. उत्तरेने सैनिकी रेल्वेचे वेगळे खाते काढले, मॅककॅलम आणि हर्मन हॉप्ट यांच्या हाताखाली, आणि त्यांना खरे अधिकार दिले. 1864 मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याचे एक लाख माणसांचे आणि पस्तीस हजार जनावरांचे सैन्य लुइव्हिलपासून अटलांटापर्यंतच्या 473 मैलांच्या एकेरी लाइनवर जगले. दिवसाला दहा टनांचे 160 डबे. शर्मनने स्वतः हिशेब मांडला आहे की हेच सडकेवरून करायचे तर सहा खेचरांच्या 36,800 गाड्या लागल्या असत्या. शत्रू मागे लाइन तोडत राही, बांधकाम तुकड्या ती जोडत राहत, कारण त्यांच्यामागे रूळ, लाकूड आणि माणसे यांचा न संपणारा साठा होता. रूळ नासवायचे तंत्रही हॉप्टनेच बसवले. नुसता वाकवलेला रूळ तापवून, ठोकून पुन्हा सरळ करता येतो. तापवून पिळला तर तो सरळ होत नाही, रोलिंग मिलमध्ये परत लाटावाच लागतो. ज्याच्याकडे मिल नाही त्याच्यासाठी पिळलेला रूळ म्हणजे मेलेला रूळ. आणि अटलांटाची मिल 1 सप्टेंबर 1864 च्या रात्री गेली: वाट तुटल्यामुळे बाहेर काढता न आलेल्या 81 डब्यांच्या दारूगोळ्याच्या गाड्या दक्षिणेचा सेनापती हूड याच्या माघार घेणाऱ्या सैन्याने तिच्याशेजारीच पेटवल्या.

एकहाती अधिकार म्हणजे काय याचे दुसरे टोक पाहायचे तर लेनिनग्राड पाहा. 18 जानेवारी 1943 ला वेढ्याला लाडोगा सरोवराच्या काठाने अरुंद फट पडली. जर्मन तोफा काही किलोमीटरवर असताना तेहतीस किलोमीटरची लाइन, श्लिसेलबर्गजवळ नेवा नदीवरच्या लाकडी खांबांच्या पुलासह, सतरा दिवसांत टाकली. 7 फेब्रुवारीला पहिली गाडी शहरात आली. ती लाइन आमच्या कुठल्याही नियमात बसली नसती. दलदलीत मातीवर थेट स्लीपर, रात्री दिवे विझवून गाड्या, रोज तोफांनी तुटणारी आणि रोज जोडली जाणारी. तिथे कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. त्या राजवटीत माणसाची किंमत काय होती हेही मला ठाऊक आहे, म्हणून हे अनुकरणासाठी सांगत नाही. दक्षिणेत डॅनव्हिल ते ग्रीन्सबरो ही 48 मैलांची पिडमाँट लाइन, लीच्या सैन्याची अखेरची नस, 1862 च्या फेब्रुवारीत मंजूर झाली आणि 1864 च्या मे महिन्यात उघडली. सव्वादोन वर्षे. रूळ दुसऱ्या लाइन उखडून जमवायचे, मजूर मालकांकडून मिळवायचे, आणि एका राज्याने दुसऱ्याला संमती द्यायची.

तेव्हा "काय काय लागते" याचे माझे उत्तर असे. नाकेबंदीची चाहूल लागताच, पहिल्या महिन्यात, रूळ, चाकांवरचे धातूचे टायर, बॉयलरच्या नळ्या आणि वंगण यांचा साठा मोजा आणि त्यांच्यासाठी बोटीत जागा राखा, बंदुकांच्या बरोबरीने. कोणत्या लाइन सोडायच्या हे पहिल्याच वर्षी ठरवा, त्यांचे रूळ धड असतानाच, तिसऱ्या वर्षी तेही झिजलेले असतात. लूप शेवटपर्यंत वाचवा. फिटर, बॉयलरवाले आणि गँगमन यांना कुणीही हात लावू नये. आणि हे सगळे ज्याच्या शब्दावर होईल असा एक माणूस, ज्याला रेल्वे कळते, पहिल्या दिवसापासून असू द्या. दक्षिणेकडे तो माणूस होता, त्याला शब्द दिला नाही.

ऑगस्ट 1864 मध्ये वेल्डनकडून येणारी लाइन पीटर्सबर्गच्या दाराशी तुटली. त्यानंतर गाड्या स्टोनी क्रीकपर्यंत येत आणि पुढचे पंचवीस-तीस मैल माल खेचरगाड्यांतून चिखलाच्या वाटेने जाई. 15 जानेवारी 1865 ला विल्मिंग्टनची वाट राखणारा फोर्ट फिशर किल्ला पडला आणि विल्मिंग्टन बंद झाले. 2 एप्रिलला रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि त्याचे मंत्रिमंडळ रिचमंडहून डॅनव्हिलच्या गाडीत बसले. अंतर 140 मैल. सरकारची गाडी, देशातली त्या रात्रीची सर्वांत महत्त्वाची, सगळा मार्ग तिच्यासाठी मोकळा. ती पोहोचली दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर. 4 एप्रिलला लीचे उपाशी सैन्य त्याच लाइनवरच्या अमेलिया स्टेशनात आले. तिथे साइडिंगला उभ्या डब्यांत दारूगोळा होता, शिधा नव्हता.